युनिटीत युआय ऑब्जेक्ट नावाने शोधताना: नाव ठरवण्यापासून नल पकडण्यापर्यंत

युनिटी या गेम इंजिनमध्ये युआयचं, म्हणजे स्क्रीनवरच्या बटणं-मजकुराचं पॅनेल समोर दिसतंय, त्यावरचं बटण दिसतंय, हायरार्कीत (सीनमधल्या ऑब्जेक्टच्या यादीत) नाव पण तेच आहे, आणि तरी प्ले दाबलं की कन्सोलमध्ये लाल अक्षरात नल रेफरन्स एक्सेप्शन, म्हणजे जे हवं होतं त्याच्या जागी नल, काहीच नाही. असा कोड मी खूप जणांचा बघितलाय आणि दरवेळी लोक ती एक शोधणारी ओळच बदलत बसलेले असतात, हे फंक्शन नाही चाललं तर ते, ते नाही चाललं तर तिसरं. खरं तर ती ओळ बहुतेक वेळा ठीकच असते. घोळ असतो तीन ठिकाणी: शोध कुठून सुरू केला, कुठल्या क्षणी केला, आणि सापडलेलं लगेच तपासलं की नाही. त्यामुळे खालचे टप्पे त्याच क्रमाने करा, मधला उचलून करू नका.

कोडमधली नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, एडिटरमध्ये अर्थातच ती त्यांच्या मूळ स्पेलिंगने टाइप करायची. टप्पा १ ते ७ कॅनव्हासवाल्या नेहमीच्या युआयसाठी आहेत, युआय टूलकिट (युनिटीचीच युआय बनवायची दुसरी पद्धत) वापरत असाल तर त्याचा वेगळा टप्पा ८ आहे, पण २ आणि ३ तरी वाचाच.

टप्पा १: नावाने शोधायची गरज आहे का ते आधी ठरवा

ऑब्जेक्ट सीनमध्ये आधीपासून ठेवलेला आहे, स्क्रिप्ट पण त्याच सीनमध्ये किंवा त्याच प्रीफॅबमध्ये (पुन्हा पुन्हा वापरायच्या ऑब्जेक्टच्या साच्यात) आहे, तर नावाने शोधूच नका. स्क्रिप्टमध्ये प्रायव्हेट फील्ड घ्या, वर सीरियलाइझ फील्ड लिहा, इन्स्पेक्टरमध्ये (निवडलेल्या ऑब्जेक्टची माहिती दाखवणाऱ्या खिडकीत) ओढून टाका, झालं. उद्या कोणी नाव बदललं तरी हा रेफरन्स तुटत नाही, कारण तो नावावर उभाच नसतो.

नावाने शोधणं कामाचं ठरतं ते अशा वेळी: एकाच साच्याची दहा पॅनेल आहेत आणि प्रत्येकात तेच तेच पंधरा घटक ओढत बसायचं नाही, किंवा लिस्टच्या ओळी चालू गेममध्ये तयार होतात, किंवा पॅनेल दुसरं कोणी बनवतं आणि तुमच्याकडे फक्त ठरलेली नावं असतात.

एक केस मात्र लोक हमखास उलटी हाताळतात. प्रीफॅबमधल्या स्क्रिप्टला सीनमधला ऑब्जेक्ट ओढून देता येत नाही, हे कळलं की लगेच गेमऑब्जेक्ट.फाइंड (अख्ख्या सीनमध्ये नावाने शोधणारं फंक्शन) लिहून मोकळे होतात. त्याऐवजी जो कोड तो प्रीफॅब इन्स्टँशिएट करतो, म्हणजे त्याची कॉपी सीनमध्ये बनवतो, त्याच्याकडे सीनमधला रेफरन्स ठेवा, आणि तयार झालेल्या ऑब्जेक्टवरच्या स्क्रिप्टला एखाद्या सेटअप फंक्शनमधून तो हातात द्या. शोध कशाला लागतोय मग.

चेक: प्रत्येक शोधासाठी स्वतःला विचारा, हा रेफरन्स ओढून किंवा हातात देऊन मिळाला असता का? उत्तर हो असेल तर तो शोध यादीतून काढा. माझ्या अनुभवात इथेच अर्ध्याहून जास्त शोध गळतात.

टप्पा २: हायरार्कीतली नावं साफ करा

कोड लिहायच्या आधी हे करायचं, नंतर नाही. नंतर नाव बदललं की कोड पण बदलावा लागतो आणि एखादी जागा सुटतेच.

नाव ठेवताना घटकाचं काम बघा, त्यावर काय लिहिलंय ते नको. बटणावर आज "पुढे" लिहिलंय, उद्या "सुरू करा" होईल, भाषांतर झालं तर आणखी काही, त्यामुळे "बटण_पुष्टी" हे नाव "बटण_पुढे" पेक्षा जास्त टिकतं. नावाच्या सुरुवातीला प्रकार लावला, म्हणजे बटण_, मजकूर_, चित्र_, पॅनेल_, तर दोन फायदे होतात, हायरार्कीत डोळ्यांना पटकन दिसतं आणि कोड वाचताना कुठला कंपोनंट (ऑब्जेक्टवर लावलेला भाग, जसं बटण किंवा इमेज) अपेक्षित आहे तेही कळतं.

आता ज्या गोष्टी नजरेला दिसत नाहीत पण शोध पाडतात त्या बघा.

पहिली, कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं. तुलना अक्षर न अक्षर होते, एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी सापडणार नाही.

दुसरी, शेवटची मोकळी जागा. नाव कुठून तरी कॉपी करून पेस्ट केलं की शेवटी एक स्पेस येते, हायरार्कीत ती दिसतच नाही. माझी एक अख्खी संध्याकाळ या एका स्पेसने खाल्ली आहे, तेव्हापासून शंका आली की मी नावावर क्लिक करतो आणि कर्सर शेवटाला नेऊन बघतो, पाच सेकंदांचं काम आहे.

तिसरी, डुप्लिकेटचे आकडे. एडिटरमध्ये ऑब्जेक्ट डुप्लिकेट केला की त्याच्या नावामागे स्पेस आणि कंसात १ लागतो. तो तसाच राहिला तर कोडमध्ये कंसासकट लिहावं लागेल, आणि असं लिहिलेलं मी बघितलंय पण. करू नका, नाव बदला.

चौथी, तिरकी रेघ. नावात स्लॅश असेल तर फाइंड त्याला पाथ समजतं, म्हणजे "चालू/बंद" नावाचं बटण ते "चालू"च्या पोटात "बंद" आहे का असं शोधेल. असा ऑब्जेक्ट त्या नावाने मिळणारच नाही.

पाचवी, डीफॉल्ट नावं. नवीन बटण टाकलं की नाव नुसतं बटन, पोटात टेक्स्ट. कॅनव्हासवर अशी आठ बटनं असली तर नावाने शोधण्यात काही अर्थच उरत नाही.

सावधान: नाव बदलायच्या आधी त्या पॅनेलवर ॲनिमेशन आहे का ते बघा. ॲनिमेशन क्लिप कुठला चाइल्ड (पोटातला ऑब्जेक्ट) हलवायचा ते नावांच्या पाथवरूनच लक्षात ठेवते, त्यामुळे मधल्या एका पॅरेंटचं (ज्याच्या पोटात तो आहे त्याचं) नाव बदललं तरी ती ट्रॅक तुटते आणि ॲनिमेशन विंडोत मिसिंग असं दिसायला लागतं. ॲनिमेशन असेल तर नाव बदलल्यावर क्लिप उघडून तिथला पाथ पण दुरुस्त करायचा.

नावं पक्की झाली की ती सगळी एका जागी कॉन्स्टंट म्हणून लिहून ठेवा, एका छोट्या स्टॅटिक क्लासमध्ये. सात फाइल्समध्ये तीच स्ट्रिंग हाताने टाइप केली तर एका तरी जागी चूक होणार, आणि स्ट्रिंगमधली चूक कंपायलर पकडत नाही.

टप्पा ३: मूळ कुठलं ते ठरवा

शोध म्हटलं की लोक डायरेक्ट अख्ख्या सीनमध्ये शोधतात. बाकी सगळ्या चुकांचं मूळ मला इथेच दिसतं.

तुम्हाला हवं असतं ते बटण कुठल्या तरी एका पॅनेलमधलं असतं. मग शोध त्या पॅनेलच्या ट्रान्सफॉर्मपासून (जागा आणि पॅरेंट-चाइल्डचं नातं सांभाळणारा, प्रत्येक ऑब्जेक्टवरचा कंपोनंट) सुरू करा. पॅनेलच्या सर्वात वरच्या ऑब्जेक्टवर एक स्क्रिप्ट लावा, ती आपल्या पोटातले घटक शोधेल, आणि बाहेरच्या कोडला फक्त "स्कोअर दाखव", "बंद हो" अशी फंक्शन्स देईल. बाहेरच्या कोणाला आतली नावं माहीतच असायला नकोत. असं केलं की दोन पॅनेलमध्ये "बटण_बंद" असलं तरी गोंधळ नाही, कारण प्रत्येक पॅनेल आपापल्या पोटातच शोधतंय.

अख्ख्या सीनमध्ये शोधलं तर एकाच नावाचे दोन ऑब्जेक्ट असताना कुठला हाती लागेल याची काही खात्री नाही. आज बरोबर मिळाला म्हणून उद्या, किंवा बिल्डमध्ये, तोच मिळेल असं नाही. आणि सीन ॲडिटिव्ह पद्धतीने लोड करत असाल तर एकाच वेळी दोन सीन उघडे असतात, दोन्हीत "पॅनेल_पॉझ" असलं की काय होईल बघा.

चेक: तुमच्या प्रत्येक शोधाचं वाक्य "अमुक पॅनेलच्या पोटात तमुक" असं म्हणता आलं पाहिजे. "सीनमध्ये कुठेतरी तमुक" असं होत असेल तर टप्पा १ ला परत जा.

टप्पा ४: फंक्शन निवडा, पण फरक समजून

इथे थोडं थांबून वाचा, कारण नावं एकसारखी आणि वागणं वेगळं.

*गेमऑब्जेक्ट.फाइंड* सगळे लोड झालेले ऑब्जेक्ट बघतं, पण फक्त ॲक्टिव्ह असलेले. ॲक्टिव्ह म्हणजे स्वतःची टिक लावलेली असून चालत नाही, वरचा प्रत्येक पॅरेंट पण चालू पाहिजे. युआयमध्ये पॅनेल सुरुवातीला बंदच ठेवलेलं असतं ना, सेटिंगचं, पॉझचं, गेम ओव्हरचं, म्हणजे नेमकं जे शोधायचं तेच याला दिसत नाही. "हायरार्कीत दिसतंय पण फाइंड नल देतंय" याचं सगळ्यात कॉमन कारण हेच. तिरकी रेघ टाकून पाथ देता येतो, पाथच्या सुरुवातीलाही रेघ दिली तर सर्वात वरच्या पातळीपासून बघतं, पण बंद ऑब्जेक्टचा नियम तेव्हाही तोच.

*ट्रान्सफॉर्म.फाइंड* एका ट्रान्सफॉर्मच्या मुलांमध्ये बघतं आणि बंद असलेली मुलं पण सापडतात. पण फक्त थेट मुलं. नातवंडं नाहीत. "बटण_बंद" जर "वरचीपट्टी" च्या पोटात असेल तर नुसतं "बटण_बंद" दिलं की नल, पाथ द्यावा लागेल: "वरचीपट्टी/बटण_बंद". इथे लोक असं धरून चालतात की हे आतपर्यंत खोल शोधत जाईल. जात नाही.

पाथ देणं चांगलं की वाईट? ज्या पॅनेलची रचना स्थिर आहे तिथे पाथच द्या, कारण नक्की कुठलं ते स्पष्ट राहतं. पण डिझाइन अजून रोज हलतंय, कोणी मध्येच लेआउट ग्रुप घालतंय, तर पाथ रोज तुटेल, तिथे खोल शोधणारं आपलं स्वतःचं छोटं फंक्शन बरं.

*खोल शोधाचं फंक्शन* असं लिहायचं: मूळ ट्रान्सफॉर्म घ्या, त्याच्या प्रत्येक मुलावर जा, नाव जुळलं तर ते परत करा, नाही जुळलं तर त्याच मुलावर हेच फंक्शन पुन्हा बोलवा, आणि त्यातून नल सोडून काही आलं तर ते परत करा. शेवटी काहीच नाही मिळालं तर नल. यात एक खाच आहे, असा शोध पहिल्या मुलाच्या तळापर्यंत जाऊन मगच दुसऱ्या मुलाकडे येतो, त्यामुळे वरच्या पातळीवर हवं ते "चित्र_आयकॉन" असताना पहिल्या मुलाच्या चार पातळ्या खाली असलेलं त्याच नावाचं दुसरंच हाती लागू शकतं. म्हणून माझ्या फंक्शनमध्ये मी पहिलं सापडलं तरी थांबत नाही, डेव्हलपमेंट चालू असेपर्यंत पूर्ण फिरून मोजतो आणि एकापेक्षा जास्त सापडले तर कन्सोलमध्ये वॉर्निंग टाकतो. हे सगळ्यांनी करावं असं मला मनापासून वाटतं, एकाच नावाचे दोन घटक ही चूक नलपेक्षा वाईट आहे, कारण नल निदान ओरडून तरी सांगतं.

*गेट कंपोनंट इन चिल्ड्रन* हे नावाने नाही, प्रकाराने शोधतं, पण लोक नावाच्या शोधाला पर्याय म्हणून वापरतात आणि फसतात. हे शोध स्वतःपासून सुरू करतं. बटणाच्या पोटातला आयकॉन बदलायचा म्हणून बटणावर इमेज शोधली तर पहिली सापडेल ती बटणाचीच बॅकग्राउंड इमेज, आयकॉन तसाच राहतो आणि बॅकग्राउंड बदलते. कुठली एरर नाही, काही नाही. आणखी एक, हे बंद मुलांकडे डीफॉल्टने बघत नाही, अनेकवचनी गेट कंपोनंट्स इन चिल्ड्रनला ट्रू दिलं तर बघतं. पॅनेलमधली सगळी बटणं एकदम घेऊन नावानुसार डिक्शनरीत भरायची असतील तर हे ट्रूवालं रूप एकदम उपयोगी आहे, दहा वेळा शोधण्यापेक्षा एकदा गोळा करायचं.

टॅगने शोधणारं फाइंड विथ टॅग पण फक्त ॲक्टिव्हच बघतं, आणि टॅग आधी यादीत नोंदवलेला नसेल तर नल न देता एक्सेप्शनच टाकतं. युआयसाठी मी तरी ते वापरत नाही.

चेक: शोधायचा घटक किंवा त्याचा कुठलाही पॅरेंट सुरुवातीला बंद असतो का? असेल तर गेमऑब्जेक्ट.फाइंडचा विषय संपला.

टप्पा ५: शोध कधी करायचा

कोड बरोबर, नाव बरोबर, तरी नल. मग वेळ बघा.

सीन लोड होताना त्यातल्या चालू ऑब्जेक्टचे अवेक आधी होतात आणि मग स्टार्ट (दोन्ही स्क्रिप्टमधली फंक्शन्स, युनिटी ती आपोआप बोलवतं). पण कुठल्या स्क्रिप्टचं अवेक कुणाच्या आधी, याचा भरवसा धरायचा नाही. ऑन एनेबल (ऑब्जेक्ट चालू झाला की बोलवलं जाणारं) तर अवेकच्या पाठोपाठ त्याच ऑब्जेक्टवर होतं, म्हणजे एकाचं ऑन एनेबल होऊन गेलं तरी दुसऱ्याचं अवेक बाकी असू शकतं. त्यातून सरळ नियम निघतो: अवेकमध्ये फक्त स्वतःच्या पोटातलं शोधा, दुसऱ्याला हात लावायचा असेल, त्याची फंक्शन्स बोलवायची असतील तर स्टार्टमध्ये.

बंद पॅनेलवरच्या स्क्रिप्टचं अवेक पॅनेल पहिल्यांदा चालू होईपर्यंत होतच नाही. म्हणजे तुमचा शोध त्या अवेकमध्ये असेल आणि बाहेरून कोणी पॅनेल चालू न करताच "स्कोअर लिही" म्हटलं, तर आतले रेफरन्स अजून नलच असणार. यावर उपाय असा, शोधाचं एक वेगळं "तयार_हो" फंक्शन करा, आत एक बूलियन ठेवा की हे झालंय का, अवेकमधून ते बोलवा आणि प्रत्येक बाहेरच्या फंक्शनच्या पहिल्या ओळीतही बोलवा. आधीच झालेलं असेल तर ते लगेच परत येईल. ट्रान्सफॉर्म.फाइंड बंद मुलांवरही चालतं म्हणून हे जमतं.

लोड सीन बोलवलं आणि पुढच्याच ओळीत नवीन सीनमधलं पॅनेल शोधलं, हेही खूप दिसतं. सीन त्याच ओळीत लोड होत नाही, पुढच्या फ्रेमला होतो. सीन लोडेड इव्हेंटला फंक्शन जोडा आणि तिथे शोधा, किंवा अजून चांगलं, नवीन सीनमधल्या पॅनेललाच स्वतःहून नोंद करू द्या.

डिस्ट्रॉय पण लगेच होत नाही, चालू फ्रेमच्या शेवटाकडे होतं. लिस्ट रिफ्रेश करताना जुन्या ओळी डिस्ट्रॉय केल्या, नवीन बनवल्या, आणि लगेच नावाने शोधलं तर जुनीच ओळ सापडते, तिच्यावर मजकूर लिहिला जातो, आणि फ्रेम संपताना ती नाहीशी होते. स्क्रीनवर नवीन ओळ कोरी. अशा वेळी डिस्ट्रॉय करायच्या आधी जुन्या ओळीचा पॅरेंट काढून टाका, म्हणजे ती पोटात राहतच नाही.

इन्स्टँशिएटचे दोन घोळ. तयार झालेल्या ऑब्जेक्टच्या नावामागे कंसात क्लोन लागतं, त्यामुळे प्रीफॅबच्या नावाने तो मिळत नाही. पण मुळात शोधायचाच कशाला, इन्स्टँशिएट तो ऑब्जेक्ट परत देतं, तो व्हेरिएबलमध्ये धरा, हवं तर नाव पण तिथेच बदला. दुसरा घोळ जास्त धोक्याचा: परत आलेला ऑब्जेक्ट सोडून प्रीफॅबच्याच व्हेरिएबलवर शोध घेणं. शोध यशस्वी होतो, मजकूर बदलतो, पण स्क्रीनवर काहीच नाही, कारण बदललीय ती प्रीफॅबची मूळ फाइल, आणि प्ले थांबवल्यावरही तो बदल तसाच राहू शकतो.

ड्रॉपडाउन वापरणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवतो. त्याचे पर्याय दाखवणारे घटक तो उघडेपर्यंत अस्तित्वातच नसतात, पोटात असतं ते बंद टेंप्लेट. उघडल्यावर त्याची कॉपी बनते, आणि मिटलं की जाते. त्यामुळे पर्याय शोधून रंगवायचे वगैरे असतील तर टेंप्लेटमधल्या आयटमवरच स्क्रिप्ट लावा, ती प्रत्येक कॉपीसोबत जाईल.

टप्पा ६: सापडलं ते लगेच तपासा, मगच कंपोनंट घ्या

सगळ्यात जास्त दिसणारी ओळ म्हणजे फाइंड, त्याला टिंब देऊन गेट कंपोनंट, त्याला टिंब देऊन टेक्स्ट, बरोबरचं चिन्ह आणि मजकूर. एकाच ओळीत तीन गोष्टी फसू शकतात आणि एरर आली तर कुठली फसली ते कळत नाही. वेगवेगळ्या ओळी करा:

१. शोधा आणि ट्रान्सफॉर्म व्हेरिएबलमध्ये घ्या.
२. नल असेल तर डीबग.लॉगएरर करा आणि तिथूनच परत या. मेसेजमध्ये काय शोधत होतात आणि कोणाच्या पोटात, दोन्ही लिहा. लॉगएररला दुसरं आर्ग्युमेंट म्हणून ते पॅनेल दिलं की कन्सोलमधल्या मेसेजवर क्लिक केल्यावर हायरार्कीत तेच हायलाइट होतं, खूप वेळ वाचतो.
३. ट्राय गेट कंपोनंट वापरून कंपोनंट घ्या. नाही मिळाला तर वेगळी एरर, "ऑब्जेक्ट आहे पण कंपोनंट नाही" अशी.

तिसऱ्या पायरीवर आपटणारे बहुतेक जण एकाच कारणाने आपटतात. हल्ली मेनूतून टाकलेला मजकूर टेक्स्टमेशप्रोचा (टीएमपी, मजकूर दाखवणारा नवा कंपोनंट) असतो, आणि कोडमध्ये जुना टेक्स्ट मागितलेला असतो. दोन्ही वेगळे कंपोनंट आहेत, एक मागितला तर दुसरा मिळत नाही. टीएमपी टेक्स्ट या बेस प्रकाराने मागितलं की कॅनव्हासवरचा आणि थ्रीडी जगातला असे दोन्ही प्रकारचे टेक्स्टमेशप्रो चालतात. इनपुट फील्ड आणि ड्रॉपडाउनलाही हेच लागू, टीएमपीवाले वेगळे.

सावधान: नल तपासायला प्रश्नचिन्ह आणि टिंब, किंवा दोन प्रश्नचिन्हं असली शॉर्टकट चिन्हं वापरू नका. डिस्ट्रॉय झालेल्या ऑब्जेक्टची बरोबर-बरोबर नलशी तुलना केली तर युनिटी हो म्हणतं, कारण ती तुलना त्यांनी स्वतः लिहिलेली आहे, पण ही शॉर्टकट चिन्हं त्या तुलनेला विचारतच नाहीत आणि मेलेल्या ऑब्जेक्टला जिवंत समजून पुढे जातात. साधा इफ लिहा.

टप्पा ७: एकदा शोधलं की धरून ठेवा

अपडेटमध्ये, म्हणजे दर फ्रेमला चालणाऱ्या फंक्शनमध्ये, शोध नको. दर सेकंदाला साठ फ्रेम असतील तर साठ वेळा तोच शोध, आणि खोल शोधात प्रत्येक नाव वाचताना नवीन स्ट्रिंग तयार होते, तो कचरा पण गोळा होत राहतो. एकदा शोधायचं, फील्डमध्ये ठेवायचं, बास.

धरून ठेवलेला रेफरन्स कधी शिळा होतो ते मात्र माहीत हवं. सीन बदलला आणि तुमची स्क्रिप्ट डोन्ट डिस्ट्रॉय ऑन लोडवर जिवंत राहिली, तर तिच्याकडचे जुन्या सीनचे सगळे रेफरन्स मेलेले असतात. स्टॅटिक फील्डमध्ये ठेवले असतील तर अजून एक, प्ले मोडच्या सेटिंगमध्ये डोमेन रीलोड (प्ले करताना स्क्रिप्टची स्थिती नव्याने सुरू करणं) बंद केलेलं असेल तर प्ले थांबवून पुन्हा सुरू केलं तरी मागच्या वेळचे मेलेले रेफरन्स तिथेच बसलेले असतात, आणि वरच्या "तयार_हो" मधला बूलियन स्टॅटिक असेल तर तोही ट्रूच राहतो. युआयचे रेफरन्स स्टॅटिकमध्ये ठेवू नका.

बटणाला ऑन क्लिक जोडत असाल तर ते शोधाच्याच फंक्शनमध्ये, एकदाच. शोध पुन्हा पुन्हा बोलवला की लिसनर (क्लिकवर चालणारं फंक्शन) पण पुन्हा पुन्हा जोडला जातो आणि एका क्लिकला तीनदा काम होतं.

टप्पा ८: युआय टूलकिट असेल तर

इथे गेमऑब्जेक्ट नाहीतच, त्यामुळे वरची फाइंड फंक्शन्स काही कामाची नाहीत. युआय डॉक्युमेंटच्या रूट व्हिज्युअल एलिमेंटपासून क्यू नावाचं फंक्शन वापरायचं, ते कितीही खोल शोधतं आणि पहिलं जुळणारं देतं, नाही मिळालं तर नल. सगळी हवी असतील तर क्वेरी.

चुका ठरलेल्या आहेत. स्टाइल फाइलमध्ये नावाआधी हॅश लागतो, कोडमध्ये लागत नाही, हॅशसकट दिलं की नल. पहिलं आर्ग्युमेंट नाव, दुसरं क्लास, उलटं देऊ नका. सोबत दिलेला प्रकार हा पण फिल्टरच असतो, म्हणजे नाव बरोबर देऊन बटणाऐवजी लेबल मागितलं तर नल येतं, चुकीच्या प्रकाराची एरर येत नाही. शंका असेल तर प्रकार न देता नुसत्या नावाने मागून बघा, मिळालं तर प्रकार चुकलाय.

शोध ऑन एनेबलमध्ये करा, अवेकमध्ये नको. आणि तो ऑब्जेक्ट बंद करून परत चालू केला की आतलं सगळं झाड नव्याने बनतं, आधी धरलेली बटणं जुन्या झाडाची असतात, क्लिक जोडलेलं असतं तेही त्यांच्यासोबत जातं. म्हणून दर ऑन एनेबलला नव्याने शोध आणि नव्याने जोडणी. नुसतं लपवायचं असेल तर ऑब्जेक्ट बंद न करता स्टाइलचा डिस्प्ले नन करा.

लिस्ट व्ह्यूच्या ओळी रूटपासून शोधू नका. त्या स्क्रोल करताना पुन्हा वापरल्या जातात, आता तिसरी असलेली ओळ थोड्या वेळाने तेविसावी होते. बाइंड आयटममध्ये (ओळ भरायला लिस्ट व्ह्यू बोलवतं ते फंक्शन) जो एलिमेंट हातात मिळतो त्याच्याच पोटात क्यू करा.

टप्पा ९: तरीही नल येत असेल तर या क्रमाने बघा

१. प्ले चालू असताना पॉझ करा आणि हायरार्कीत तो ऑब्जेक्ट खरंच आहे का बघा. एडिट मोडमधली हायरार्की बघून काही ठरवू नका.
२. शोधाच्या ओळीच्या बरोबर आधी मुळाच्या प्रत्येक थेट मुलाचं नाव लॉग करा, दोन्ही बाजूंना उभी रेघ लावून, म्हणजे शेवटची स्पेस लगेच उघडी पडते. यादीत तुमचं नाव नसेल तर मूळ चुकलंय किंवा ते एक पातळी खाली आहे.
३. यादी रिकामी आली तर वेळ चुकलीय, मुलं अजून बनलेलीच नाहीत.
४. नाव यादीत आहे, तरी नल? गेमऑब्जेक्ट.फाइंड वापरताय का ते बघा, आणि ॲक्टिव्ह इन हायरार्की लॉग करा.
५. ऑब्जेक्ट मिळतोय पण पुढे फुटतंय, म्हणजे कंपोनंटचा प्रकार.
६. काहीच फुटत नाही पण स्क्रीनवर बदल नाही, तर दुसराच सापडलाय: प्रीफॅब, जुनी ओळ, किंवा त्याच नावाचा जुळा. सापडलेला ऑब्जेक्ट दुसरं आर्ग्युमेंट म्हणून देऊन एक साधा लॉग करा, कन्सोलमधल्या त्या मेसेजवर क्लिक करा, आणि हायरार्कीत किंवा प्रोजेक्ट विंडोत काय हायलाइट होतं ते बघा.